वॉफल घरीच करायचं तर: साचा, आच आणि वाफ

ज्या हाताला धिरडं जमतं त्याला वॉफल अवघड नाही. धिरडं एका तव्यावर पसरून होतं, वॉफल दोन तापलेल्या, खणाखणांच्या पत्र्यांमध्ये बंद होऊन भाजतं. खरी गोम त्या बंद होण्यातच आहे. घोळातलं पाणी वाफ होऊन कडेच्या फटीतून बाहेर पडतं. ते पुरतं बाहेर पडलं तर वरून कुरकुरीत आणि आतून जाळीदार वॉफल निघतं. अडकून राहिलं तर ओल्या पावासारखा लगदा होतो. बहुतेक पाककृती साहित्य थेंबाथेंबाने मोजून सांगतात आणि आचेचं एका ओळीत उरकतात. बिघडतं मात्र आचेपाशीच, म्हणून इथे साच्याचं आधी.

साचा कोणता घ्यावा

खेड्यात गॅसवर ठेवायचा, लांब दांड्यांचा, उलटता येणारा साचा सगळ्यात भरवशाचा. तो ॲल्युमिनियमचा, आतून नॉनस्टिक लेप दिलेला मिळतो किंवा बिडाचा मिळतो. ॲल्युमिनियमचा लवकर तापतो आणि हाताळायला हलका असतो. बिडाचा तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की थंड घोळ पडल्यावरही गार पडत नाही, म्हणून त्यातलं वॉफल जास्त खरपूस होतं. घेताना दोन गोष्टी पाहा. खण साधारण १ सेंटिमीटर खोल असावेत. बिजागरीला थोडा खेळ असावा, कारण घोळ फुगला की वरचा पत्रा जरासा उचलला गेला पाहिजे. अगदी घट्ट बसणाऱ्या साच्यातून घोळ कडेने बाहेर येतो आणि आत राहिलेला दडपला जातो.

वीज नसली म्हणून वॉफल अडत नाही. युरोपात मध्ययुगापासून लांब दांड्यांचे लोखंडी साचे विस्तवावर धरूनच वॉफलं भाजत असत. २४ ऑगस्ट १८६९ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय इथल्या कॉर्नेलियस स्वार्टआउट यांना शेगडीवरच्या साच्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. साचा शेगडीवरून न उचलता जागच्या जागी उलटता यावा, ही त्यातली मुख्य सोय. विजेची यंत्रं फार नंतरची.

विजेचं यंत्र आधीच घरात असेल तर एक हिशोब लक्षात ठेवा. विजेचा दाब (व्होल्टेज) कमी झाला की उष्णता त्याहून कितीतरी जास्त कमी होते, कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर १००० वॉट देणारं यंत्र २०० व्होल्टवर सुमारे ७५५ वॉट देतं आणि १८० व्होल्टवर जेमतेम ६१० वॉट. शेतीपंप चालू असतात त्या वेळी दाब पडत असेल, तर त्या वेळेला वॉफलं करूच नका. पांढरी, चिवट वॉफलं निघतात आणि दोष घोळाला दिला जातो. करायचीच असतील तर दिवा हिरवा झाल्यावरही दोन मिनिटं थांबा, आणि प्रत्येक वॉफलनंतर पुन्हा तेवढंच थांबा. घरगुती इन्व्हर्टरवर हे यंत्र लावू नका, आणि बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर तर मुळीच नाही.

नवा बिडाचा साचा आणल्या आणल्या वापरायचा नसतो. गरम पाण्याने आणि साबणाने धुवा, आचेवर ठेवून पूर्ण कोरडा करा, मग कापडाच्या बोळ्याने खणाखणांत जवसाचं तेल लावा. लावून झालं की कोरड्या कापडाने असं पुसा की तेल लावलंच नव्हतं असं वाटावं. मध्यम आचेवर धूर निघून थांबेपर्यंत तापवा आणि गार होऊ द्या. असं तीन-चार वेळा केलं की काळा, गुळगुळीत थर बसतो. तेल जाड राहिलं तर तो थर चिकट होतो आणि पुढे पापुद्रे सुटतात. तेल घाणीवरचं, खायचंच हवं. रंगाच्या दुकानात मिळणारं ‘बॉइल्ड’ जवस तेल धातूचे क्षार घालून केलेलं असतं, ते खाण्याच्या भांड्याला कधीही लावू नका. नव्या साच्यातलं पहिलं वॉफल टाकून द्यायचं.

सहा वॉफलांचं साहित्य

इथली वाटी १५० मिलिलीटरची, म्हणजे घरातली मध्यम स्टीलची वाटी. एकदा पाणी मोजून खात्री करून घ्या. लहान चमचा ५ मिलिलीटरचा, मोठा १५ चा, आणि सगळे सपाट भरायचे.

मैदा सव्वादोन वाट्या (१७५ ग्रॅम)
कॉर्नफ्लोअर ४ मोठे चमचे (३० ग्रॅम)
बेकिंग पावडर २ लहान चमचे
मीठ अर्धा लहान चमचा
साखर २ मोठे चमचे
अंडी २
दूध २ वाट्या (३०० मिलिलीटर)
पातळ केलेलं तूप अर्धी वाटी
वेलचीपूड पाव लहान चमचा

मैदा वाटीत चमच्याने भरा आणि वरून सुरीने सपाट करा. वाटी पिशवीत खुपसून भरली तर दोन वाट्यांमागे सहज ३०-४० ग्रॅम जास्त येतो, घोळ घट्ट होतो आणि वॉफल पावासारखं जड निघतं.

कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं पांढरं सत्त्व, चक्कीवरचं पिवळं पीठ नव्हे. सत्त्वात चिकटपणा आणणारं ग्लुटेन नसतं, म्हणून पापुद्रा खुसखुशीत होतो. ते मिळालं नाही तर तेवढंच तांदळाचं बारीक पीठ घाला, फारसा फरक पडत नाही.

तूप पाहून हात आखडता घेऊ नका. वॉफलच्या घोळात धिरड्यापेक्षा कितीतरी जास्त स्निग्ध लागतं. पापुद्रा तळल्यासारखा त्यामुळेच होतो आणि साच्यातून सुटतंही त्यामुळेच. लोणी वापरायचं तर अर्ध्या वाटीऐवजी पाऊण वाटीच्या जरा खाली घ्या, कारण लोण्यात पाण्याचा अंश असतो. तेल चालतं, पण वास नसलेलं; सोयाबीनचं चालेल, शेंगदाण्याच्या कच्च्या तेलाचा वास वर येतो.

बेकिंग पावडर जुनी आहे की नाही ते आधी तपासा. अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकली की जोरात फसफसली पाहिजे. पावसाळ्यात उघड्या डब्यातली पावडर ओल धरते आणि महिन्या-दोन महिन्यांत मरते. खेड्याच्या दुकानात तो डबा किती दिवस पडून होता ते सांगता येत नाही, म्हणून नव्या डब्याचीही ही परीक्षा घ्याच.

घोळ

मैदा, कॉर्नफ्लोअर, बेकिंग पावडर, मीठ आणि वेलची एकत्र दोनदा चाळा. अंड्यांचे बलक एका गंजात (पातेल्यात) आणि पांढरा भाग दुसऱ्या कोरड्या, स्टीलच्या गंजात काढा. पांढऱ्यात बलकाचा एक थेंब किंवा भांड्याला तुपाचा ओशटपणा राहिला तर फेस चढत नाही. प्लास्टिकचं भांडं कितीही घासलं तरी तेलकट राहतं, म्हणून स्टीलच घ्या.

बलकात साखर, दूध आणि तूप घालून फेटा. दूध फ्रिजमधून काढलेलं नको. थंड दुधात तूप पडलं की त्याचे दाणे होतात, आणि पुढे साच्यात विरघळून वॉफलला भोकं पडतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे तूप बरणीतच थिजतं. त्या दिवसांत दूध कोमट करूनच घ्या. अंडं शिजेल इतकं तापवू नका, बोट बुडवलं तर सुखाचं वाटेल इतपतच.

आता हे ओलं मिश्रण कोरड्या पिठात ओता आणि डावाने पंधरा-वीस वेळा ढवळा, तिथेच थांबा. हरभऱ्याएवढ्या गुठळ्या राहिल्या तरी राहू द्या. भज्याचं पीठ फेटायची सवय असलेल्या हाताला इथे फार आवरावं लागतं. मैदा जितका फेटाल तितका तो चिवट होतो आणि वॉफल रबरासारखं ताणलं जातं.

पांढरा भाग स्प्रिंगच्या फेटणीने फेटा. फेटणी नसेल तर दोन काटे एकत्र धरले तरी चालतं, हात मात्र जास्त दुखतो. फेटणी उचलल्यावर फेसाचं टोक उभं राहून किंचित वाकलं की पुरे. त्याच्यापुढे फेटलं तर फेस कोरडा, कापसासारखा तुटक होतो आणि घोळात मिसळत नाही. हा फेस दोन वेळा करून घोळात घाला आणि खालून वर हळूहळू उलटा. पांढरे पट्टे थोडे दिसत राहिले तरी चालतील. घोळ डावातून जाड धारेने पडला पाहिजे. इडलीच्या पिठाहून जरा सैल, भज्याच्या पिठाएवढा. मग वीस मिनिटांच्या आत वापरून टाका. उन्हाळ्यात, पारा ४३-४४ ला असताना, दहा मिनिटांतच फेस बसायला लागतो. तेव्हा साचा आधी तापवून ठेवा आणि पांढरा भाग अगदी शेवटी फेटा.

भाजणं

रिकामा, बंद साचा लहान बर्नरवर मध्यम आचेला ठेवा. एका बाजूने तीन मिनिटं, उलटून दुसऱ्या बाजूने तीन मिनिटं. बिडाचा असेल तर पाच-पाच. उघडून पाण्याचा थेंब टाका. थेंब नाचत दोन-तीन सेकंदांत उडाला तर साचा तयार. जागेवरच बसून उकळत राहिला तर अजून वेळ आहे. तूप लावल्या लावल्या धूर आला तर जास्त तापला, आचेवरून काढून मिनिटभर थांबा. नॉनस्टिक साचा मोठ्या आचेवर रिकामा ठेवून विसरू नका, लेप जळतो आणि त्याचा धूर घातक असतो.

दोन्ही पत्र्यांना ब्रशने किंवा कापडाच्या पुरचुंडीने तुपाचा हात द्या, कोपऱ्याकोपऱ्यांत. लोणी लावू नका. त्यातला दुधाचा अंश आधी जळतो आणि नेमका तोच चिकटतो. दुसऱ्या-तिसऱ्या वॉफलपासून हे तूप फारसं लागत नाही.

पाऊण वाटी घोळ मधोमध ओता, कडेपासून बोटभर जागा सोडा. झाकण बंद करा, वीसपर्यंत मोजा आणि साचा उलटा. उलटण्याचं कारण असं की घोळ वरच्या पत्र्याच्या खणांत उतरला पाहिजे. उशीर केला तर खालचा भाग बसून जातो आणि वरची बाजू अर्धी, बोडकी राहते. या बाजूने दोन मिनिटं, पुन्हा उलटून दोन मिनिटं.

आता घड्याळापेक्षा कडेकडे पाहा. पहिल्या मिनिटात वाफेचे लोट निघतात, भाताच्या भांड्यावरचं झाकण सरकवल्यासारखे. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला त्याचा धागा होतो. कडेला फुटणारे बुडबुडे थांबतात, चुरचुर मंद होते, वास दुधाचा असतो तो भाजल्या बिस्किटाचा होतो. वाफ जवळपास थांबली की उघडा, त्याआधी नाही. घोळात पाणी आहे तोवर पापुद्रा शंभर अंशांच्या वर फारसा जातच नाही. तांबूस रंग आणि खमंगपणा यायला त्याहून बरीच जास्त, दीडशे अंशांच्या आसपासची उष्णता लागते, आणि ती पाणी उडाल्यावरच मिळते.

उघडताना झाकण अडलं तर ओढू नका. ओढलं की वॉफल मधून फाटून अर्धं वर, अर्धं खाली राहतं. पुन्हा बंद करून चाळीस सेकंद थांबा. पुरतं भाजलेलं वॉफल आपणहून सुटतं. लाकडी सराट्याने (उलथण्याने) कडा उचलून काढा, नॉनस्टिकला स्टीलचा चमचा लावू नका.

काढलेलं वॉफल ताटात ठेवू नका, आणि पोळ्यांच्या डब्यात तर अजिबात नको. बाहेर आल्यावरही त्यातून दोन-तीन मिनिटं वाफ निघते. खाली ताट असेल तर तीच वाफ पाणी होऊन तळ भिजवते, आणि डब्यात एकावर एक रचली की सगळीच मऊ पडतात. पापड भाजायची जाळी किंवा पालथी घातलेली बांबूची टोपली सगळ्यात छान. खालूनही हवा लागली पाहिजे.

चुलीवर करायचं असेल तर

बिडाचाच साचा, आणि दांडे लोखंडाचे किंवा लांब लाकडाचे. प्लास्टिकच्या मुठीचा साचा चुलीवर नको. पऱ्हाट्या आणि तुराट्या (कपाशीच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्या) भडकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात. त्यांच्या जाळावर एक बाजू करपते आणि दुसरी कच्ची राहते. पऱ्हाट्यांनी चूल पेटवा, पण भाजायला बाभळीचे निखारे तयार होऊ द्या. निखारे पसरून त्यांच्यावर राखेचा पातळ थर येऊ द्या, मग साचा ठेवा. दर तीस-चाळीस सेकंदांनी उलटत राहिलं तर गॅसपेक्षाही सारखं भाजतं. साच्याला बाहेरून राखमातीचा पातळ हात दिला असेल तर काजळी घासत बसावं लागत नाही.

ज्वारीचं वॉफल

आपल्याकडे करायचं तर खरं हेच करावं. नुसत्या ज्वारीचं मात्र होत नाही. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे वॉफल उघडताना भुगा होतो. १०० ग्रॅम ज्वारीचं पीठ (साधारण सव्वा वाटी), ७५ ग्रॅम कणीक किंवा मैदा (जवळजवळ एक वाटी) आणि ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, हे प्रमाण धरा. बाकी सगळं वरच्यासारखंच.

भाकरीला पाणी उकळून घालतो तीच युक्ती इथे लागते. दोन वाट्या दुधापैकी एक वाटी उकळवा, ज्वारीच्या पिठावर ओता, ढवळा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. पीठ फुगतं, दाणेदारपणा जातो आणि घोळाला धरून ठेवणारा चिकटपणा येतो. हे मिश्रण पूर्ण निवल्याशिवाय बलक घालू नका, शिजून गुठळ्या होतात. ज्वारी पाणी जास्त पिते, म्हणून शेवटी दोन-तीन मोठे चमचे दूध वाढवावं लागेल. पीठ आठवड्यातलंच हवं. जुनं ज्वारीचं पीठ कडवट लागतं आणि वॉफलमध्ये ते लपत नाही.

साखरेऐवजी गूळ घालायचा तर ३० ग्रॅम गूळ तीन मोठे चमचे पाण्यात विरघळवा, गाळा, गार करा आणि मग घाला. गरम दुधात गूळ टाकला की दूध फाटतं. गुळाचं वॉफल लवकर काळं पडतं, आच जरा कमी ठेवा आणि एक मिनिट वाढवा.

तिखट हवं असेल तर साखर आणि वेलची वगळून जिरं, बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि कोथिंबीर घाला. कांदा नको, त्याचं पाणी सुटून तिथे तिथे ओले डाग पडतात आणि नेमकं तिथेच चिकटतं. वर ताजं लोणी आणि जवसाची चटणी.

अंड्याशिवाय

श्रावणात किंवा गुरुवारी अंडं नको असेल तर १७५ ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, एक वाटी किंचित आंबट दही, एक वाटी दूध, अर्धी वाटी तूप, दीड लहान चमचा बेकिंग पावडर आणि पाव लहान चमचा खायचा सोडा. साखर, मीठ तेवढंच. घोळ घट्ट वाटला तर आणखी दोन-चार चमचे दूध. दह्याची आंबटाई आणि सोडा भेटले की लगेच वायू सुटायला लागतो, तेव्हा मिसळलं की थेट साच्यात. दही गोड असेल तर सोडा कमी करा. न वापरला गेलेला सोडा साबणासारखा लागतो आणि वॉफलवर पिवळे-तपकिरी ठिपके आणतो. अंड्याशिवायचं वॉफल जरा नाजूक असतं, त्याला एक मिनिट जास्त द्या आणि काढताना सराटा खालपर्यंत घाला.

बिघडलं तर

चिकटलं तर आधी ही तीन कारणं शोधा: साचा पुरता तापला नव्हता, उघडायची घाई झाली, किंवा तूप कमी केलं होतं. साखर दुप्पट घातली तरी चिकटतं, कारण ती खणांत वितळून बसते. गोडी वरून द्या. बाहेरून लाल आणि आत कच्चं निघालं तर आच मोठी होती. फिकं आणि चामट निघालं तर आच कमी होती. पहिलं चांगलं आणि दुसऱ्यापासून फिकं, असं झालं तर मध्ये साचा तापू दिला नाही. दोन वॉफलांमध्ये रिकामा, बंद साचा एक मिनिट आचेवर ठेवायचाच.

वरून काय

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आंबिया किंवा मृग बहार (संत्र्याचे दोन हंगाम) दारात असताना चॉकलेटचं सॉस विकत आणायची गरज नाही. चार संत्र्यांच्या फोडी सोला, बिया आणि पांढरं साल काढून नुसता गर घ्या, दोन मोठे चमचे साखर आणि चिमूटभर मीठ घालून साखर विरघळेपर्यंतच गरम करा. उकळू नका आणि आदल्या दिवशी करून ठेवू नका. या संत्र्याच्या रसात तापवल्यावर किंवा ठेवल्यावर कडवटपणा उतरतो.

काकवी तशीच चालते. गोंदिया-गडचिरोलीकडे वाळलेली मोहफुलं घरात असतात: १०० ग्रॅम फुलं दोन-तीन पाण्यांत धुऊन आतले तंतू काढा, तीन वाट्या पाण्यात दोन तास भिजवा, मऊ शिजवून कुस्करा, गाळा आणि मधाएवढं दाट होईपर्यंत मंद आटवा. बुरशीचा वास येणारी फुलं घेऊ नका. सीताफळाच्या दिवसांत गाळलेला गर आणि थोडी साय, बस्स. ओलं काहीही पानावर वाढतानाच घालायचं.

उरलेली वॉफलं पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, फ्रिजमध्ये दोन दिवस राहतात. खाताना रिकाम्या तापलेल्या साच्यात एक मिनिट दाबली की पुन्हा कुरकुरीत होतात. तव्यावर फक्त खणांच्या कडाच तापतात.

साचा गरम असतानाच कोरड्या ब्रशने पुसा. नॉनस्टिक असेल तर गार झाल्यावर ओल्या मऊ कापडाने. बिडाला साबण रोज लावू नका. गरम पाणी, मग आचेवर कोरडा करणं आणि तेलाचा अगदी पुसट हात. पावसाळ्यात दोन पत्र्यांच्या मध्ये वर्तमानपत्राची घडी घालून ठेवा, आत ओल कोंडली की एका आठवड्यात गंज धरतो.